पाठमोरे वर्तुळ

दादा अमेरिकेत आला तो २०१३ चा सप्टेंबर. पहिल्या दोन शनिवार-रविवारांत लिंकन स्मारक, विमानांचे संग्रहालय आणि व्हाइट हाउसचे कुंपण एवढे पाहून झाले आणि आता याला काय दाखवावे, असा प्रश्न मला पडला. दादा दीड वर्षाचा असताना तापात त्याचे ऐकणे गेले. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तो पंचवीस वर्षे लेथवर काम करीत आला होता. इंग्रजी अक्षरे त्याला ओळखता येत, पण वाक्य वाचता येत नसे, आणि संग्रहालयात काचेखालच्या पाट्या मी खुणांनी सांगू लागले की दोन-तीन पाट्यांनंतर तो माझे दोन्ही हात धरून खाली करी. आमच्या घरच्या भाषेत याचा अर्थ ‘पुरे’ असा होतो.

मी तेव्हा वॉशिंग्टनलगतच्या सिल्व्हर स्प्रिंगला राहत होते आणि सात वर्षे रेड लाइनच्या मेट्रोने शहरात कामाला जात होते. त्या वाटेवरच्या एका स्थानकाच्या नावात गॅलॉडेटचे नाव आहे. कर्णबधिरांसाठीचे हे विद्यापीठ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे डब्यात हातांनी बोलणारी मुलेमुली रोज दिसत, आणि जिचे सगळे लहानपण खुणांतच गेले ती मी त्यांच्याकडे लक्ष नसल्यासारखे करून पुस्तकात डोके घालीत असे. सात वर्षांत मी त्या स्थानकावर एकदाही उतरले नव्हते. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सुट्टीच्या दिवशी माणसाची पावले कचेरीच्या दिशेने वळत नाहीत, तसे काहीसे असावे. वयाच्या चौथ्या वर्षापासून मी दादाची दुभाषी होते, आणि ते काम मी समुद्रापलीकडे ठेवून आले आहे असा माझा समज होता.

शेवटी उतरले ती एका फुटबॉलच्या सामन्यासाठी. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा, शिरस्त्राणे घालून एकमेकांवर आदळण्याचा. गॅलॉडेटच्या फाटकातून आत शिरल्यावर उताराच्या वाटेने आम्ही हॉचकिस फील्डकडे निघालो. मैदान अजून दिसतही नव्हते, तोच दादा थांबला आणि त्याने तळहात छातीवर ठेवला. मला त्या क्षणी रहदारीखेरीज काही ऐकू येत नव्हते. आणखी पन्नास पावलांवर मलाही ते कळले. मैदानाच्या कडेला एक भलामोठा ढोल होता आणि कुणीतरी तो अंगातले सगळे बळ लावून वाजवीत होते: एक-दोन, एक-दोन-तीन. दादाने माझ्याकडे पाहून उजव्या हाताच्या बोटांनी डाव्या तळव्यावर टिपरी मारल्याची खूण केली. ती हलगीची खूण. आमच्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात हलगी-घुमके वाजू लागते तेव्हा दादा नेहमी वाजवणाऱ्यांच्या अगदी पाठीशी जाऊन बसतो. लहानपणी मला वाटे की तो कुस्ती जवळून दिसावी म्हणून तिथे बसतो.

मला हा खेळ त्याआधी कधीच आवडला नव्हता. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटे, उरलेला वेळ माणसे उभी असतात, पंच अंतरे मोजतात आणि प्रशिक्षक ओरडतात. ज्याला या खेळाची काहीच कल्पना नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर अकरा-अकरांच्या दोन फळ्या समोरासमोर वाकून उभ्या राहतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. मधला गडी पायांतून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि त्या क्षणी सगळे एकदम सुटतात. तो क्षण कोणता, हे चढाई करणाऱ्या संघाला आधीच ठाऊक असते. क्वार्टरबॅक, म्हणजे तो मागे दिलेला चेंडू घेऊन चाल चालवणारा गडी, ठरावीक लयीत ओरडतो आणि कितव्या हाकेला चेंडू सुटणार हे त्याच्या दहा गड्यांनाच माहीत असते. बचाव करणाऱ्यांना ते माहीत नसल्याने त्यांची सुरुवात पापणी लवण्याइतकी उशिरा होते, आणि बहुतेक वेळा सगळा खेळ त्या तेवढ्या वेळावरच उभा असतो. कधीकधी क्वार्टरबॅक मुद्दाम मध्येच आवाज चढवून फसवतो, समोरचा कुणी बिचकून रेषा ओलांडतो, आणि फुकटचे पाच यार्ड मिळतात.

म्हणजे वरून सगळा अंगबळाचा वाटणारा हा खेळ मुळात कानांचा आहे. बाहेरगावच्या मैदानात प्रेक्षक इतका गलका करतात की पाहुण्या संघाला स्वतःच्याच क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही, आणि प्रेक्षक तो करतात तो त्याचसाठी. पंच खेळ थांबवतो तो शिट्टीने. अशा खेळात ज्यांना काहीच ऐकू येत नाही किंवा फार थोडे येते असा संघ उतरवायचा, हा विचार ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आला त्याला लोकांनी वेड्यात काढले असेल, असे आपल्याला वाटते. पण गॅलॉडेटमध्ये फुटबॉल १८८३ पासून आहे, आणि बास्केटबॉलचा शोध लागला तो त्यानंतर आठ वर्षांनी.

पूर्वी त्यांच्याकडे चेंडू सोडायचा इशारा त्या मोठ्या ढोलाने दिला जाई. ठोक्यांचे हादरे अंगात जाणवत आणि कितव्या ठोक्याला सुटायचे ते ठरलेले असे. अडचण एवढीच होती की समोरच्या ऐकणाऱ्या संघालाही ढोल ऐकू येई. पुढे ते मागे पडले. आता सगळी नजर चेंडूवर असते, चेंडू हलला की सगळे हलतात, आणि ढोल उरला तो उत्साहासाठी. चढाईत याचा थोडा तोटा होतो, कारण फळीच्या टोकाला उभ्या असलेल्या गड्याला मान वळवून चेंडूकडे पाहावे लागते. बचावात मात्र याच सवयीचा फायदा होतो. त्या दिवशी पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक दुसऱ्या सत्रात एकदा घसा खरवडून ओरडला, थांबला, पुन्हा दुप्पट जोराने ओरडला. मीसुद्धा जागेवर दचकले. समोरचे अकरा जण चेंडूवर डोळे ठेवून वाकले होते ते तसेच राहिले, कुणाच्या खांद्यातही हालचाल झाली नाही. त्याचा स्वतःचाच एक लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला गडी, मात्र बिचकून पुढे झाला आणि पंचाने त्यांचेच पाच यार्ड कापले. आमच्या आजूबाजूच्या प्रेक्षकांचे हात हवेत गेले आणि मनगटापासून थरथरू लागले. टाळ्या तिथे अशा वाजवतात, किंवा वाजवत नाहीत. दादानेही हात वर केले.

मी दादासाठी दुभाषीपण करायला गेले होते, आणि ते मला जमले नाही. त्यांची भाषा अमेरिकन सांकेतिक भाषा. ती मला येत नाही आणि दादालाही येत नाही. ऐकणाऱ्या माणसांना हे नेहमी नवल वाटते. कर्णबधिरांची भाषा जगभर एकच असणार असे त्यांनी धरलेले असते, जणू तोंडाने बोलणाऱ्यांची तरी एकच आहे. अमेरिकन भाषेची मुळे फ्रेंच सांकेतिक भाषेत आहेत, तिची अक्षरे एका हाताने काढतात. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत अक्षरांना दोन हात लागतात. त्यातही दादाची भाषा म्हणजे शाळेच्या आवारात मुलांनी आपसांत चालवलेल्या खुणा, कारखान्यात जमलेल्या खुणा आणि आमच्या घरच्या खुणा यांची मिसळ आहे. आई म्हणजे कपाळावरचे कुंकू, काका म्हणजे मिशी, मी म्हणजे दोन वेण्या, आणि केस कापून वीस वर्षे झाली तरी मी दोन वेण्याच आहे. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी दादाचे पहिल्या पाच मिनिटांत जे काही जुळले त्यातले मला अर्धेही कळले नाही. भाषा वेगळी असली तरी भाषेबाहेर हातांनी काम भागवायची दोघांना आयुष्यभराची सवय होती. माझी ती सवय मोडली होती.

आणि मग दादाने खेळ वाचायला सुरुवात केली. नियम त्याला मी जेमतेम सांगितले होते. दुसऱ्या सत्राच्या शेवटी तो माझ्या गुडघ्यावर टिचकी मारून स्नॅपच्या आधी सांगू लागला, आता पळणार, आता फेकणार, आणि चारांपैकी तीनदा ते बरोबर येई. मी विचारले, कसे? त्याने पाहुण्या संघाच्या लाइनमनकडे बोट केले, मग स्वतः पुढे वाकून तीन बोटे जमिनीला टेकवली. चेंडू घेऊन पळायचे असेल तर लाइनमन समोरच्याला ढकलायला तयार असतो, त्याचा सगळा भार टेकलेल्या हातावर येतो, बोटांचे सांधे पांढरे पडतात आणि टाचा उचलल्या जातात. चेंडू फेकायचा असेल तर त्याला मागे सरकून आपल्या क्वार्टरबॅकचे रक्षण करायचे असते, म्हणून हात नुसता टेकलेला राहतो आणि भार मागे असतो. पुढे मी याविषयी वाचले तेव्हा कळले की बचावाच्या खेळाडूंना हे शिकवावेच लागते आणि ते नजरेत मुरायला दिवस जातात. दादाला ते कुणी शिकवले नव्हते. लेथच्या हेडस्टॉकवर दोन बोटे टेकवून बेअरिंग किती दिवसांचे सोबती आहे हे सांगणारा माणूस तो. कारखान्यात नवीन यंत्र आले की मालक आधी त्याला हात लावायला बोलावतात.

प्रत्येक डावाआधी मात्र एक गोष्ट अशी होती की तिथे दादालाही काही दिसत नव्हते. अकरा जण वर्तुळ करून, डोकी आत आणि पाठी बाहेर अशा रीतीने उभे राहतात आणि क्वार्टरबॅक पुढची चाल सांगतो. याला हडल म्हणतात. आज शाळेतल्या पोरांपासून व्यावसायिक संघांपर्यंत सगळे हे करतात, इतर खेळांतही ते शिरले आहे, आणि आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानातही सामन्याआधी गळ्यात गळे घालून उभे असलेले खेळाडू आपण पाहतोच. तिसऱ्या सत्रात दादाने विचारले: यांना कुणी ऐकत नाही, मग हे आपल्याकडे पाठ का करतात?

याचे उत्तर मी आदल्या रात्री वाचून ठेवले होते आणि ते ऐटीत सांगायला मिळाल्याने मला आनंद झाला. गॅलॉडेटमध्ये पॉल हबर्ड नावाचा क्वार्टरबॅक होता. हातांनी चाल सांगताना समोरचा संघ ऐकणाऱ्यांचा असेल तर चिंता नसे. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खुणा केल्या तरी त्यांना काय कळणार? पण इतर कर्णबधिर शाळांच्या संघांशीही सामने होत, आणि ते संघ खुणा जशाच्या तशा वाचत. १८९४ मध्ये हबर्डने आपल्या गड्यांना जवळ बोलावून वर्तुळ करायला लावले आणि त्या आडोशात हात हलवले, असे सांगितले जाते. पुढे तो कॅन्ससच्या कर्णबधिर शाळेत गेला आणि तिथेही त्याने तीच रीत रुजवली. हडलच्या शोधाला दुसरे दावेदार आहेत. इलिनॉयचे प्रशिक्षक बॉब झुपके यांनी १९२१ मध्ये ते सुरू केले असेही म्हणतात. मला हबर्डची गोष्ट अधिक पटते, कारण गरज त्याला होती. ऐकणाऱ्याला गुपित सांगायला कुजबुज पुरते. जे गुपित डोळ्यांनी चोरले जाते त्याला भिंत लागते, आणि मैदानात भिंत करायची तर ती माणसांच्या पाठींचीच होणार.

हे सगळे दादाला सांगायला मला बराच वेळ लागला. १८९४ साठी मी ‘आजोबांचे आजोबा’ असे केले. त्याने नीट समजून घेतले, तो हसला, आणि थोड्या वेळाने त्याने कुंकवाची खूण केली, मिशीची केली, दोन वेण्या दाखवल्या, आणि बाकावर अर्धा वळून माझ्याकडे पाठ करून बसला.

मला कळायला क्षणभरही लागला नाही. दादाला ओठ वाचता येतात. फार नाही, पण घरातल्या माणसांचे, रोजच्या विषयांवरचे, बऱ्यापैकी. म्हणून त्याला कळू नये असे काही बोलायचे झाले की आम्ही स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बोलत असू. हे आम्हांला कुणी शिकवले नव्हते आणि आपण असे करतो हे कुणी कधी बोलूनही दाखवले नव्हते. त्याच्यासाठी आलेले एक स्थळ मोडले तेव्हा आई, काका आणि मी असेच उभे होतो. मी तेव्हा अकरावीत होते. मुलीकडच्यांनी काय शब्द वापरले ते काका सांगत होते. मी खुणेने म्हणाले, तुला तेव्हा कळले होते? त्याने बोटांनी लाटणे फिरवून दाखवले आणि मध्येच थांबवले. आई पोळी लाटत होती आणि तिचे हात थांबले, एवढ्यावरून त्याने ओळखले होते. मग त्याने माझ्या पाठीवर हलकी थाप मारली आणि खेळाकडे बोट दाखवले. स्नॅप झाला होता आणि मी तो चुकवला होता.

त्या मैदानाखालच्या जमिनीची कथाही हातांवरच्या बंदीशी जोडलेली आहे, आणि ती मला नंतर, बहुधा त्या पाठीवरच्या थापेमुळेच, शोधून वाचावीशी वाटली. एमॉस केंडल हे एकेकाळचे अमेरिकेचे टपालखात्याचे मुख्याधिकारी. त्यांनी दिलेल्या जागेवर १८५७ मध्ये शाळा सुरू झाली आणि तिचा कारभार एडवर्ड मायनर गॅलॉडेट या वीस वर्षांच्या तरुणाकडे आला. त्याची आई सोफिया स्वतः कर्णबधिर होती, म्हणजे खुणांची भाषा त्याला आईच्या हातांतून मिळालेली. १८६४ मध्ये अब्राहम लिंकनच्या सहीने संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. यादवी युद्ध तेव्हा चालूच होते. आणि १८८० मध्ये इटलीत मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथे एकशे चौसष्ट प्रतिनिधींत एकच कर्णबधिर होता, आणि त्या परिषदेने ठरवले की या मुलांना तोंडाने बोलायलाच शिकवावे, खुणा नकोत. विरोध करणाऱ्या मूठभरांत गॅलॉडेट होता. जगभरच्या शाळांतून हात बंद झाले. वॉशिंग्टनमध्ये ते चालू राहिले, आणि ठरावानंतर तीन वर्षांनी त्या पोरांनी फुटबॉल खेळायला घेतला.

मिलानचा तो ठराव आमच्या जिल्ह्यापर्यंत कुठल्या वाटेने पोहोचला मला माहीत नाही, पण पोहोचला होता खरा. दादाच्या शाळेत वर्ग चालू असताना मुलांनी हात मांड्यांखाली दाबून बसायचे असा नियम होता; हात बाहेर आला की पट्टी. बाईंच्या ओठांकडे पाहून ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक ओळखायचा, जो ओठांवर दिसतच नाही. मधल्या सुट्टीत मुले संडासांच्या मागे जाऊन पोटभर बोलून घेत. कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये, व्हँकूव्हरला, मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षे लागली. दादाला मी हे सांगितले तेव्हा त्याने खांदे उडवले आणि विचारले की ते पट्टीने मारणारे तिथे आले होते का.

आम्ही त्या हंगामात घरचे आणखी दोन सामने पाहिले. संघाविषयी सांगायचे तर तो तसा लहान कॉलेजांचाच: तिसऱ्या विभागातला, जिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळत नाही, टीव्हीचे पैसे नाहीत, आणि खेळाडू सोमवारी सकाळी इतरांसारखे वर्गात बसलेले असतात. वाईट दिवसही त्यांनी पुष्कळ पाहिले होते. १९९० च्या दशकात खेळ क्लबच्या पातळीवर उतरला होता. २००५ मध्ये एड हॉटल नावाचे प्रशिक्षक आले, ते ऐकणारे होते आणि त्यांना खुणा इथेच येऊन शिकाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. २००७ मध्ये संघ पुन्हा राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत आला. २०१० मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेले चक गोल्डस्टीन हेही ऐकणारे. ऐकणाऱ्या माणसाने हाताखालच्या मुलांची भाषा शिकायची, ही गोष्ट मला त्या नऊ विजयांपेक्षा मोठी वाटते. आमच्या ओळखीच्या किती शिक्षकांनी ते केले असते, याचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

त्यांच्या लीगमधली बाकीची कॉलेजे बहुतेक न्यू इंग्लंडची, म्हणजे बाहेरगावचे सामने लांबचे. मेन राज्यातले बँगर वॉशिंग्टनपासून हजार किलोमीटरहून जास्त आहे, व्हरमाँटची गावे त्याहून जवळ असली तरी रात्रभराचा प्रवास आहेच. इतर संघांच्या बसमध्ये रात्री दिवे मालवून मुले गप्पा मारत असतील. या बसमध्ये दिवा मालवला की गप्पा संपल्या. आमच्याकडे लहानपणी लोडशेडिंगच्या रात्री दादा माझ्या तळहातावर बोटाने लिहीत असे, आणि त्याचे लिहिणे फारसे नसल्याने बहुतेक वेळा ते एकच अक्षर किंवा एखादे चित्र असे. त्या बसमध्ये ती मुले काय करीत असतील याचे मला कुतूहल होते, पण विचारायची भाषा माझ्याजवळ नव्हती.

त्या वर्षी ते जिंकत गेले. आम्ही पाहिलेल्या तिन्ही सामन्यांत दादाने मैदानाच्या कडेची तीच जागा धरली, ढोलाच्या जितके जवळ जाता येईल तितकी. प्रशिक्षक पन्नास यार्डांवरून हातांनी खेळाडूशी पूर्ण वाक्ये बोलतात हे पाहण्याची त्याला विशेष आवड लागली; इतर संघांचे प्रशिक्षक त्याच वेळी तोंडाशी हाताचे कर्णे करून ओरडत असत, आणि त्यांच्या शिरा ताणलेल्या पाहून त्याला हसू येई. पण त्याने एक अडचणही दाखवली, जी माझ्या लक्षात आली नव्हती. शिरस्त्राणाने आणि त्याच्या जाळीने कपाळ आणि भुवया झाकल्या जातात. खुणांच्या भाषेत प्रश्न आहे की विधान, राग आहे की थट्टा, हे भुवया सांगतात. ती मुले अर्धे व्याकरण पोलादामागे ठेवून बोलत होती. शिट्टीचेही तेच. पंचाने शिट्टी मारली तरी ज्याची पाठ आहे त्याला ती कळत नाही, म्हणून समोरचे लोक थांबलेले दिसताच धावत्या अंगाला आवर घालायचा, आणि तो क्षणभर उशिरा घातला की दंड. एकदा तसे झाले. त्या मुलाने समोरच्याला हात देऊन उठवले, पंचाकडे पाहिले आणि दोन्ही कानांकडे बोट केले. पंचाने मान डोलावली, आणि दंड कायम ठेवला. दादाला हे पटले. नियम तो नियम, असे त्याचे मत पडले. मला आजही पटलेले नाही.

दादा नोव्हेंबरच्या मध्यावर परत गेला. तोवर गॅलॉडेटने आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले होते आणि त्यामुळे राष्ट्रीय बाद फेरीत जागा मिळाली होती. फुटबॉल सुरू होऊन एकशे तीस वर्षे झाली होती आणि तिथवर ते पहिल्यांदाच पोहोचत होते. सामना होता न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, सेनेका सरोवराकाठच्या जिनिव्हा गावात, होबार्ट कॉलेजशी. सांगलीत तेव्हा रात्र होती आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून दादा जागा राहिला. मी संगणकावर पाहून त्याला फोनवर आकडे पाठवीत होते, कारण शब्दांपेक्षा आमच्यात आकडे जास्त चालतात. आकडे चांगले नव्हते. होबार्ट फारच वरचढ होते. त्यांची फळी वजनाने आणि वेगाने भारी होती आणि उत्तरार्धात फरक वाढतच गेला. शेवटचा आकडा पाठवल्यावर बराच वेळ उत्तर आले नाही, मला वाटले झोपला असेल. मग एक छायाचित्र आले: त्याचा स्वतःचा हात, तीन बोटे फरशीवर टेकवलेली, सांधे पांढरे पडलेले.

त्यानंतरची त्यांची वर्षे मी अधूनमधून पाहत आले. काही बरी, बरीचशी साधारण. मधल्या काळात दादाचे लग्न झाले, वहिनी मिरजेची आहे, तीही कर्णबधिर, आणि पुतण्याला ऐकू येते. तो चौथ्या वर्षापासून दुभाषी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की एका दूरध्वनी कंपनीने गॅलॉडेटसाठी नवे शिरस्त्राण बनवले आहे. प्रशिक्षक हातातल्या टॅब्लेटवर चाल निवडतात आणि क्वार्टरबॅकच्या डोळ्यासमोर, शिरस्त्राणातल्या छोट्याशा भिंगावर ती उमटते; दर वेळी मान वळवून कडेला पाहायला नको. हंगामातले पहिले चारही सामने ते हरले होते, आणि ७ ऑक्टोबरला, हे शिरस्त्राण वापरून, हिल्बर्ट कॉलेजविरुद्ध ३४-२० असे जिंकले. मी त्याची चित्रफीत दादाला पाठवली आणि रविवारी आमच्याकडच्या सकाळी, त्यांच्याकडच्या संध्याकाळी, नेहमीप्रमाणे व्हिडिओवर बोलायला बसलो.

त्याने ती चार-पाच वेळा पाहिली होती. भिंग कुठे बसवले आहे, घाम आला तर पुसायचे कसे, टकरीत फुटले तर डोळ्यात जाईल का, हे सगळे त्याने कारखान्यातल्या माणसाच्या बारकाईने विचारले आणि मला एकाचेही उत्तर देता आले नाही. मग त्याने एक बोट दाखवले, दहा बोटे दाखवली, आणि प्रश्नार्थक भुवया वर केल्या. भिंग एकालाच आहे, बाकीच्या दहांना कसे कळते?

मी दोन्ही हातांची बोटे एकमेकांजवळ आणून वर्तुळ केले. अजून तसेच, म्हटले. तो एकटा वाचतो आणि मग सगळे जवळ येऊन, पाठी बाहेर करून उभे राहतात.

दादाला ते आवडले असावे. त्याने हात वर करून थरथरवले, फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवला आणि वहिनीला आणि पुतण्याला बोलावले. ती दोघे जवळ आली. तो त्यांच्याकडे वळून काहीतरी सांगू लागला, तिघांचीही डोकी एकत्र आली, वहिनी मध्येच खांदे हलवून हसली, पुतण्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत तोंड घातले. मला पडद्यावर तीन पाठी दिसत होत्या.